हात येऊन रायला गा

भासरा म्हणजे नवऱ्याचा थोरला भाऊ. आमच्या तिरोडा भागातल्या जुन्या घरांत धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी तोंडानं बोलायचं नसे. त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नसे. स्पर्शाची तर बातच सोडा, चुकून धक्का लागला तर दोघांनी डोक्यावरून आंघोळ करायची. मी गोंदियाची, तांदळाच्या गिरणीमागच्या गल्लीत वाढलेली. तिथे बायका हिंदीत भांडत, हिंदीतच एकमेकींना चहाला बोलावत, आणि कोण कोणाचा भासरा ह्याची कोणाला पडलेली नसे. नव्व्याण्णव साली लग्न होऊन इथे आले आणि पहिल्याच आठवड्यात पाण्याचा तांब्या भासऱ्यांच्या हातात द्यायला गेले. सासूबाईंनी असा काही डोळा वटारला की तांब्या मी जमिनीवरच टेकवला. त्या दिवसापासून त्यांचं ताट उंबऱ्याजवळ ठेवायचं आणि बांगड्या वाजवायच्या, म्हणजे त्यांना कळे. मला वाटे, हे काय खूळ आहे, पण वाटून काय उपयोग.

आमच्या दोघांमधलं पोस्ट ऑफिस म्हणजे सासूबाई. त्या गेल्या आणि पंचाईत झाली. नवरा पहाटेच्या गाडीनं गोंदियाला गिरणीत कामाला जायचा, मुलगी शिकायला माझ्या आईकडे. दिवसभर घरात दोन माणसं, भासरे आणि मी, आणि दोघांना एकमेकांशी बोलायची बंदी. मग मी रांजणाला सांगायचे की भात वाढला आहे. ते गोठ्यात बैलाला सांगायचे की आज वांगी नको. बैल बिचारा रवंथ करत ऐकून घ्यायचा. हसू यायचं, आणि कधी कधी इतका संताप यायचा की तो रांजण फोडावा.

भासऱ्यांनी लग्न केलं नव्हतं. का, ते मला कोणी सांगितलं नाही आणि मी विचारायचं कुणाला, रांजणाला? पण जनावराच्या बाबतीत त्यांचा हात पंचक्रोशीत नावाजलेला. कुणाचा नवा गोऱ्हा जुवाखाली मान देत नसेल तर लोक ह्यांना बोलवायचे. गालात सदा तंबाखू-सुपारीचा खर्रा, खांद्यावर दुपट्टा, आणि चाल अशी की ह्या माणसाला आयुष्यात कुठे पोचायचंच नाही.

एका वर्षी दिवाळीनंतर, धान कापून भाऱ्यांचे पुंजणे रचलेले होते, तेव्हा एका पुंजण्यामागे ते कुत्रं दिसलं. वर्षभराचं असेल. कोणीतरी त्याच्यावर भाताची उकळती पेज फेकली होती. खांद्यापासून शेपटीपर्यंत पाठीचे केस गेलेले, कातडी गुलाबी आणि ताणलेली. अन्न टाकलं तर खायचं, माणूस दिसला तर शेपटीही हलवायचं, पण हात पुढे आला की आधी अंगभर थरथर, मग ओठ वर, मग दात. जखम भरली तरी हे गेलं नाही. पाठीवर गवताची काडी पडली तरी झटका बसल्यासारखं उडायचं.

भासऱ्यांनी त्याला बोलावलं नाही. ते आमच्या सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, त्याच्याकडे पाठ करून दोर वळत बसायचे. रोज तेच. कुत्रं रोज थोडं जवळ बसायचं. मग केव्हातरी त्यांनी उजवा हात बाजूनं, खालून, त्याला दिसेल असा पुढे आणला, आणि बोलले, "हात येऊन रायला गा." म्हणजे, हात येतो आहे रे. आणि हात तिथेच थांबवला. कुत्र्यानं वास घेतला आणि निघून गेलं. दुसऱ्या दिवशी परत तेच बोलणं, तोच हात. पुढे हात हनुवटीखाली गेला, तिथून मानेवर, आणि उन्हाळा लागता लागता त्या जळक्या पाठीवर. पण बोलल्याशिवाय कधी नाही. त्याला नाव ठेवलंच नाही. आमच्याकडे पुरुषाला हाक मारताना शेवटी 'गा' लावतात, भासरे त्याला नुसतं 'गा' म्हणायचे आणि तो यायचा.

आणि आम्हाला नवं पोस्ट ऑफिस मिळालं.

"आपल्या मायले सांग गा, भाजीत मीठ जास्त झालं," असं ते कुत्र्याला म्हणायचे. मी आतून कुत्र्याला सांगायचे की आपल्या मोठ्या बाबाले सांग, सकाळी मिठाच्या बरणीत ओला चमचा कोणी घातला ते. बाहेरून खोकल्यासारखं हसणं. घरात बोलणं परत आलं. कुत्रं दोघांच्या मध्ये बसून आळीपाळीनं दोघांकडे बघायचं, आणि मला खोटं कशाला सांगू, ते दिवस मला आवडायचे.

मी त्याला हात मात्र लावत नव्हते. भासऱ्यांचं कुत्रं, भासरे जाणोत. भीक नको पण कुत्रं आवर, असा माझा खाक्या होता.

मग एक दिवस शेजारची काकू विरजण मागायला आली. कुत्रं दाराशी झोपलेलं. काकू मायाळू बाई, जाता जाता वाकून तिनं त्याच्या पाठीवरून हात फिरवला. झोपेतून उठून त्यानं तिच्या मनगटात दात रुतवले. रक्त, आरडाओरडा, तिरोड्याच्या दवाखान्यात सुया. काकू तरी म्हणत होती की माझंच चुकलं, पण गावात बोलणं सुरू झालं की कुत्रं हलवा. नवरा शांत माणूस आहे, पण एकदा बोलला की बोलला. संध्याकाळी सपरीत बसून त्यानं सांगितलं की दादा आहे तोवर राहील, कारण दादाच्या हातात ते आहे. दादाच्या मागे एक दिवस ठेवणार नाही, वैनगंगेच्या पलीकडे नेऊन सोडणार. पलीकडे सोडणं म्हणजे काय ते सगळ्यांना माहीत होतं. परक्या गावची कुत्री नव्याला फाडून टाकतात, आणि हे तर अंगाला अंग लागलं तरी पिसाटणारं.

दुसऱ्या दिवशी भासरे कुत्र्याला म्हणाले की उद्यापासून मायपण हात ठेवणार.

मला विचारलं होतं का कोणी? नाही. पण नाही म्हणायचं तरी कुणाकरवी, त्याच कुत्र्याकरवी? बसले मी. हात बाजूनं न्यायचा, खालून न्यायचा, दाखवायचा, बोलायचं, थांबायचं, मग ठेवायचा. मी मनात म्हणे, हे तर हात दाखवून अवलक्षण. माझा हात निघायचा नीट, पण त्याचा ओठ जरा हलला की मी मध्येच थबकायचे. हात ना पुढे ना मागे. कुत्रं घाबरायचं आणि त्याला बघून मी. पलीकडच्या खांबाला टेकून भासरे सगळं बघायचे. एकदा त्यांनी नेहमीपेक्षा मोठ्यानं सांगितलं, "सांग गा मायले, ठेवाचा तं पुरा ठेवाचा. नाई ठेवाचा तं नाई ठेवाचा. मधातला हात नको. मधातल्या हातानं जनावर भेते."

पाण्यात न उतरता पोहायला शिकवल्यासारखं ते शिकवणं. पाटीवर अक्षर गिरवताना लेकराचा हात धरतात, तसा एकदा माझा हात धरून त्यांनी दाखवला असता तर मला किती नेट लावायचा ते कळलं असतं. तेवढंच ते करू शकत नव्हते. बैल, गोऱ्हा, जळकं कुत्रं, सगळ्यांना हात लावता येणारा माणूस, आणि माझ्यापासून चार हात लांब खांबाला टेकून तोंडानं सांगतोय, तेही कुत्र्याला. मी चिडायचे. उठून भांडी आपटायचे. कुत्र्याचं शेपूट नळीत घातलं तरी वाकडं ते वाकडंच, असं रांजणाला ऐकवायचे.

त्याच सुमारास त्यांचा आवाज बसला. ते म्हणायचे, सर्दी आहे. सर्दी उन्हाळाभर टिकली. आवाज आधी घोगरा झाला, मग फाटला, मग 'गा' म्हणताना नुसती हवा यायला लागली. खर्रा काही सुटला नाही. नवऱ्यानं भांडून गोंदियाला नेलं, तिथून नागपूरला पाठवलं. घशातला रोग होता. डॉक्टर म्हणाले, जीव हवा असेल तर आवाज द्यावा लागेल.

ते नागपूरला असताना कुत्रं रस्त्याच्या वळणावर जाऊन बसायचं, जिथून ऑटो त्यांना घेऊन गेला तिथे. जेवायला यायचं, परत जायचं. पाऊस सुरू झाला तरी तिथेच. कुठल्या तरी कुत्र्याशी भांडून त्याच्या कानामागे जखम झाली आणि त्यात किडे पडले. मान तिरकी करून चालायचं, वास यायचा. जनावरांच्या दवाखान्यात मी एकटीच गेले, त्याला कसं नेणार? डॉक्टरांनी औषध दिलं, म्हणाले, धरून जखमेत ओतावं लागेल, नाहीतर किडे आत जातील. धरून! मी रोज ओट्याच्या कडेला औषधाची बाटली घेऊन बसायचे, हात पुढे करायचे, बोलायचे. तो माझ्याकडे बघायचा, जवळ येऊन बसायचाही. पण माझा हात मधातच राहायचा. जखम माझ्यासमोर वाढत होती आणि मी बाटली धरून बसलेली. रडू यायचं, दुसरं काही येत नव्हतं.

नवरा नागपूरहून घरी आला तेव्हा त्यानं जखम पाहिली आणि शेजारच्या तिघांना बोलावलं. शेतकरी माणसं, जनावर म्हणजे बैल. त्यांनी ठरवलं, नाल ठोकायला बैल पाडतात तसं पाडू. पायांत दोर अडकवून एकानं ओढायचा, दोघांनी दाबायचं. तोंडाशी मी, कारण मला ते ओळखतं. नवऱ्यानं मला सांगितलं की दादा म्हणतो तसं म्हण, म्हणजे उभं राहील. मी म्हटलं. हात बाजूनं, खालून पुढे केला आणि म्हटलं, हात येऊन रायला गा. तो थांबला. खरंच थांबला, हनुवटी जराशी पुढे केली. आणि मागून दोर ओढला गेला.

बैल पडला की शांत होतो, त्याला ते लहानपणापासून माहीत असतं. हे कुत्रं कसं ओरडलं ते मी लिहू शकत नाही. त्या जळक्या पाठीवर दोन माणसांचे गुडघे. औषध जखमेत गेलं, माझ्या तळहातात त्याचे दात गेले. सोडल्यावर तो तणसाच्या, भाताच्या पेंढ्याच्या, ढिगामागे शिरला. जखम भरली हो, किडे मेले, डॉक्टर म्हणाले छान झालं. मला सुया घ्याव्या लागल्या. पण त्यानंतर मी अंगणात असेपर्यंत तो जेवायला यायचा नाही, आणि मी तोंड उघडलं की आधी दोराकडे बघायचा. तो दोर मी चुलीत घातला, तरी तो बघायचाच.

भासरे परत आले. निम्मे झालेले. गळ्याला भोक, त्यावर जाळीचं कापड, श्वास तिथूनच. ऑटोतून उतरले तर कुत्रं रस्त्यावरून त्यांच्या मागे मागे, पोट जमिनीला टेकवत, सपरीपर्यंत आलं. ते बाजेवर बसले. त्यांनी उजवा हात बाजूनं, खालून पुढे आणला आणि ओठ हलवले. आवाज आला नाही. गळ्यावरचं कापड तेवढं हललं. हात पाठीवर टेकला आणि कुत्र्यानं उसळून हवेत दात आपटले, त्यांच्या बोटांपासून जरासे लांब. लगेच अंग चोरून खाली बसलं, लाजल्यासारखं. भासरे आपल्या हाताकडे बघत राहिले. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं, सरळ, डोळ्यांत. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मी दारात उभी होते. त्यांना काय हवं ते मला कळलं, म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, हात येऊन रायला गा.

कुत्रं उठलं आणि तणसामागे पळालं.

त्यांनी परत माझ्याकडे पाहिलं. आता त्या बघण्यात प्रश्न होता. आणि तो कोणाकरवी सोडवायचा? ज्याच्याकरवी आम्ही बोलत होतो तो तर पळाला होता. मी डोक्यावरचा पदर सारखा केला, उंबऱ्यावर बसले आणि भासऱ्यांशी तोंडानं बोलले. औषध, दोर, चार माणसं, माझ्या तोंडून काढून घेतलेले त्यांचे शब्द, सगळं सांगितलं. ते रागावतील असं वाटलं होतं. त्यांनी डोळे मिटले. मग तळव्यानं बाजेची कड थोपटली. पुन्हा, असा त्याचा अर्थ.

त्यांच्या हाताला आता शब्द नव्हते आणि माझ्या शब्दांवर त्याचा विश्वास नव्हता. दोन अपंगांनी मिळून एक गाडी ओढावी तशी आमची शिकवणी सुरू झाली. मी उंबऱ्यावरून बोलायचे, ते बाजेवरून हात पुढे न्यायचे. सुरुवातीला माझा आवाज आला की कुत्रं उठून जायचं. मग कान मागे टाकून बसायला लागलं. मग एकदा मी बोलले, भासऱ्यांचा हात हनुवटीखाली गेला, आणि काही वाईट झालं नाही. दुसऱ्या दिवशीही झालं नाही. असं करत करत ते शब्द धुऊन निघाले. पूर्ण नाही, डाग राहिलाच.

भासरे वाळत चालले होते. पेजही जाईना. नवरा तेव्हा गिरणी सोडून तिरोड्याजवळच्या नव्या वीज कारखान्याच्या कामावर, ठेकेदाराकडे लागला होता, संध्याकाळी घरी असायचा. दादाकडे बघून मान वळवायचा, आणि कुत्र्याकडे बघितलं की मला त्याच्या डोळ्यांत वैनगंगेचा काठ दिसायचा. भासऱ्यांनाही दिसत असणार. त्यांची घाई वाढली. आता ते हात पाठीवर ठेवायचे, मला बोटानं जागा दाखवायचे, आणि हात उचलायचे. उचलल्याबरोबर मी तिथेच ठेवायचा. मी थबकले की ते जमिनीवर थाप मारायचे, ओठ हलायचे. मधातला हात नको. आवाज नसला तरी मला ऐकू यायचं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आमच्याकडे बैलांचे खांदे शेकतात. तूप-हळद लावायची, पळसाच्या पानानं शेकायचं, आणि त्यांना म्हणायचं, आज आवतण घ्या, उद्या जेवायला या. वर्षभर ज्या खांद्यानं जू ओढलं त्याला माणसाचा हात लागतो तो हा दिवस. त्या वर्षी बैलांचं नवऱ्यानं केलं. भासरे बाजेवर बसून होते. त्यांनी खुणेनं तूप-हळदीची वाटी मागितली, मी उंबऱ्यावर ठेवली, कुत्रं त्यांच्या पायाशी आलं. मी बोलले. त्यांनी बोटांनी तूप घेतलं आणि त्या गुलाबी कातडीवर, खांद्यापासून खाली, सावकाश लावत गेले. मध्यावर थांबले आणि हात उचलला.

मी वाटीत बोटं बुडवली आणि हात त्यांनी सोडला तिथेच ठेवला. पुरा ठेवला.

ती जागा कोमट होती. त्यांच्या हाताची ऊब तिथे अजून होती. कुत्रं थरथरलं, माझ्या तळव्याखाली मला ते कळलं, पण उभं राहिलं. मी शेपटीपर्यंत तूप लावत गेले. आमच्या घरात ह्या माणसाचं ताट मी इतकी वर्षं वाढलं, कपडे धुतले, खोकला ऐकला, आणि त्याच्या जवळात जवळ मी गेले ती एवढी, कुत्र्याच्या पाठीवरून. मी वर पाहिलं. ते माझ्याकडे नाही, हाताकडे बघत होते. मान हलवली. मला रडायला आलं, आणि मी डोळ्यांत हळद गेली असं सांगितलं. कुत्र्यालाच सांगितलं.

एका दिवसानं काही शिकणं होत नसतं. माझा हात घ्यायला त्याला अजून भासऱ्यांचा हात आधी लागायचा. ते समोर नसतील तर तो माझ्यापासून दूर सरकायचा. मला आणखी थोडे दिवस हवे होते. कुणाकडे मागणार? धान लोंबीला आलं तेव्हा भासरे गेले, दुपारी, बाजेवरच.

बायकांनी पाय धरून रडून घेतलं. मला तेही नाही. मी लांबून पदर जमिनीला टेकवून नमस्कार केला. त्यांच्या अंगाला हात लागू नये म्हणून मला मागे सरायला सांगितलं गेलं, आणि मी सरले.

कुत्रं बाजेच्या रिकाम्या जागी झोपायला लागलं. आणि मग एक चमत्कार झाला. तेराव्याला आलेल्या पाहुण्यांची पोरं त्याच्या अंगावरून उड्या मारत होती, कुणी कान ओढला, कुणी पाठीवर पाय दिला. तो हलला नाही. शेजारच्या काकूनं घाबरत घाबरत डोक्यावर हात ठेवला, तरी नाही. नवरा बघत होता. त्यानं जवळ जाऊन त्या जळक्या पाठीवर तळवा दाबून बघितला, आणि समाधानानं म्हणाला, "शिकलं कुत्रं. राहू दे आता."

वाचला. ज्याच्यासाठी इतकं केलं ते झालं. सगळे मला म्हणाले, तूच शिकवलंस, दादाचा हात तुला आला. डोंबल आला! मी त्याच्याजवळ बसले, बाजूनं, खालून हात नेला, बोलले. कानसुद्धा हलला नाही. हात ठेवला तर तळव्याखाली थरथर नाही, काही नाही, पोत्यावर ठेवल्यासारखं. तो हात घेत नव्हता, त्याला फरकच पडत नव्हता. आणि हे मी कोणाला सांगणार होते? घरात समजणारं माणूस एकच होतं. नवऱ्याला सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, शांत आहे ना, मग आणखी काय पाहिजे तुले? त्याचंही बरोबरच होतं. मी त्याच्यासमोर भात ठेवायचे, तो दोन घास खायचा, मी उरलेला उचलायचे. रोज मी तेच शब्द बोलायचे, भिंतीला बोलल्यासारखे. काही करता येत नव्हतं. किती चिडायचे मी त्याच्यावर, त्यांच्यावर, मेलेल्या माणसावर चिडून काय होतं, तरी चिडायचे.

हिवाळा असाच गेला. उन्हाळी धानाची रोवणी झाली. मग एका सकाळी मी सपरी झाडत होते. वाटेत तो पडलेला. आता त्याला कोणी सांगून हात लावत नव्हतं, मलाही सवय सुटली होती. झाडू एका हातात, दुसऱ्या हातानं मी त्याला पाठीवर ढकललं, सरक म्हणून.

तो गुरगुरला.

घशातून, खोल, जुन्यासारखा. ओठ वर गेला, दात दिसले, अंगभर थरथर. मी हात झटक्यात मागे घेतला आणि सगळ्यात आधी आत पाहिलं. नवरा चुलीपाशी चहा पीत होता, डबा भरून कामावर निघायच्या घाईत. त्यानं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, काही नाही, झाडू घासला फरशीला. त्यानं डबा घेतला, चपला घातल्या, कुत्र्याला वळसा घालून निघून गेला. सायकलचा आवाज वळणापलीकडे जाईपर्यंत मी झाडतच राहिले, झाडलेलंच परत झाडत.

मग झाडू ठेवला. खाली बसले. कुत्रं माझ्याकडे बघत होतं, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा बघत होतं, रागानं आणि भीतीनं. पळालं मात्र नाही. मी हात बाजूनं, खालून, त्याला दिसेल असा पुढे आणला.

"हात येऊन रायला गा."

त्यानं माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, बाज असायची त्या जागेकडे. बराच वेळ तिकडेच बघत राहिला. मीही थांबले. मग त्यानं हनुवटी पुढे केली, ओठ अजून हलत होता, दाताचं टोक अजून दिसत होतं.

मी हात मधात थांबवला नाही.